ओके डावं, रिजेक्ट उजवं

पहिल्याच भेटीत त्या माणसानं मला भीमेच्या काठाला नेऊन सोडलं, आणि तेही स्वतः जागचं न हलता.

ऑक्टोबर संपत आलेला, आणि परतीचा पाऊस काही परतायचं नाव घेत नव्हता. यवतच्या आत्याकडून मी स्कूटीवर घरी न्हावऱ्याला निघाले होते. पारगावात शिरते तर उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी! इकडची वाहनं इकडं, तिकडची तिकडं. पंक्चरच्या दुकानाच्या पत्र्याखाली एक जण माझ्याकडं तोंड करून उभा होता. काखेत हेल्मेट, केसांतून पाणी गळतंय, आणि चेहरा असा निवांत, जसं काही हा पाऊस त्यानंच सांगून मागवलाय.

"ओ दादा, पुलाकडं जायला दुसरी वाट हाय का?"

"हाय की. असंच पुढं जा... देवळापासनं डावीकडं वळा. सरळ पुलाला लागाल."

मी देवळापासून डावीकडं वळले. आधी ऊस लागला, मग चिखल, मग आणखी ऊस, मग म्हशी, आणि मग थेट नदी. पूल लांब तिकडं पलीकडं, माझ्याकडं बघून हसतोय. म्हशी धुणारी एक म्हातारी म्हणाली, "काय गं पोरी, म्हस घ्यायला आलीस व्हय?"

माझं डोकं असं फिरलं की बोलायची सोय नाही. चिखलातून गाडी ढकलत मागं आले, तर हा आपला तिथंच.

"काय हो? डावीकडं म्हणालात ना?"

"म्हणालो की."

"डावीकडं नदी हाय!"

त्यानं आधी माझ्या चिखलानं भरलेल्या चपलांकडं बघितलं, मग देवळाकडं, मग स्वतःच्या हातांकडं. "आवो... माझ्या डावीकडं."

"तुमच्या? मी काय तुमच्या डोक्यात बसून गाडी चालवू?"

"तसं न्हाई... आता बघा, गणपतीची सोंड डावी का उजवी, हे आपण कुणाच्या बाजूनं धरतो? देवाच्याच ना? समोर उभं राहणाऱ्याच्या न्हाई."

"मग तुम्ही देव हाय व्हय?"

"न्हाई..." तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. "पर बराच येळ उभा हाय पत्र्याखाली. कुणी एक फूलसुद्धा वाहिलं न्हाई."

आमच्या शेतात झेंडूच झेंडू आहे, पण ते त्याला सांगायची काय गरज होती? मी गाडी वळवली. तेवढ्यात त्यानं आपली बाइक काढली आणि भर पावसात माझ्या पुढं चालवत मला पुलापर्यंत आणून सोडलं. निघताना त्यानं हात वर केला. डावा हात... मुद्दाम, चांगला उंच धरून. मला हसू आलं, पण मी ते हेल्मेटच्या आतच ठेवलं. आणि एक खूणगाठ बांधली, हा माणूस पुन्हा भेटलाच, तर तो डावं म्हणाला की आपण उजवं समजायचं.

आता माझ्याबद्दल सांगते. माझं नाव नकुशी. दोन मुलींवर तिसरी झाले म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. दहावीच्या वेळी शाळेतल्या बाई म्हणाल्या, बदलून घे. मी म्हटलं, राहू द्या. ठेवणाऱ्यांना मी नको होते, तो त्यांचा प्रश्न. मला मी हवी आहे, भरपूर हवी आहे. पुढं डिप्लोमा केला आणि रांजणगावच्या एमआयडीसीत एका लहान कंपनीत क्वालिटीला लागले. मशीनवर तयार झालेला पीस ड्रॉइंगप्रमाणं आहे का, हे मापून बघायचं. असेल तर हिरवा शिक्का, नसेल तर लाल टॅग. साहेब रागावू देत, सुपरवायझर हात जोडू दे, चुकीच्या पीसवर मी कधी शिक्का मारला नाही. म्हणून तर अख्ख्या शॉपमध्ये म्हणतात, नकुशीचा ओके म्हंजी ओके.

तर त्या पावसानंतरच्या सोमवारी एका नव्या ब्रॅकेटचा पहिला पीस माझ्या टेबलावर आला. मापं सगळी बरोबर, केसाचाही फरक नाही. पण पीस उलटा! आरशात बघितल्यासारखा. ब्रॅकेटला जो कान पाहिजे, तो नेमका भलत्या बाजूला.

"कुणी केलाय हा मशीनचा प्रोग्रॅम?" मी केबिनच्या दारातून ओरडले.

"मी... आजच जॉइन झालोय," दाराशेजारून आवाज आला.

पत्र्याखालचा गणपती! कंपनीचा निळा शर्ट घातलेला, पण खळी तीच. छातीवर नाव, सत्यजीत.

"परत डावीकडं?" मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. नवा माणूस, सहा महिने प्रोबेशन, आणि पहिल्याच दिवशी पहिलाच पीस उलटा. "मॅडम, ड्रॉइंगप्रमाणंच केलंय हो..." त्यानं कागद पुढं केला. मी कागद बघितला आणि माझा राग जरा उतरला. प्रिंट काढताना कुणीतरी कागदाचा खालचा कोपराच कापला होता.

दुपारी कँटीनमध्ये मी त्याच्यासमोर चहाचा स्टीलचा ग्लास आडवा ठेवला.

"हा बाजूनं कसा दिसतो? बूड निमुळतं, तोंड रुंद. आन् बुडाकडनं बघितलं तर?"

"वर्तुळात वर्तुळ."

"तेच चिन्ह असतं ड्रॉइंगच्या कोपऱ्यात. आडवा ग्लास आन् शेजारी दोन वर्तुळं. आपल्याकडं कॉलेजात शिकवतात ती पद्धत सावलीची. डावीकडनं बघायचं आन् दिसलं ते पलीकडं, उजव्या भिंतीवर काढायचं. हे गिऱ्हाईक अमेरिकेचं. त्यांची पद्धत काचेची. मधी काच धरायची, जिथनं बघितलं तिथंच काढायचं. वर्तुळं ग्लासाच्या तोंडाशेजारी असली तर आपली पद्धत, बुडाशेजारी असली तर त्यांची."

"एवढ्याशा चिन्हावर सगळा पीस फिरतो?"

"फिरणारच. रेषा त्याच, आकडे तेच. पर कुणीकडनं बघितलंय हे ठरल्याशिवाय त्या रेषांना अर्थ काय? चार माणसांनी मिळून ठरवलं म्हणून त्याला अर्थ. न्हाईतर नुसता आडवा पडलेला ग्लास."

तो ग्लास हातात घेऊन फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी पारगावला माझ्या कोपऱ्यात चिन्ह नव्हतं."

"नव्हतंच. लाल टॅग बसलाच असता."

"आन् आज?"

"आजचा कोपरा प्रिंटवाल्यानं कापला, ती तुमची चूक न्हाई. तसं मी सांगणार. पर पीस रिजेक्ट."

"बरोबर हाय," तो म्हणाला. "शिक्का तुमचा हाय. तो माझ्यासाठी वाकायला नको." एवढं बोलून त्यानं माझाही ग्लास उचलला, विसळला आणि जागेवर ठेवला. गयावया नाही, आर्जवं नाहीत. खरं सांगते, तिथंच मी थोडी घसरले.

माझी केबिन काचेची. आत एसी, बारीक मापं घ्यायची म्हणून. बाहेर मशीनचा असा आवाज की काचेपलीकडून कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. मोबाइल गेटवरच जमा. मग सत्यजीतनं मार्करनं काचेवर लिहायला सुरुवात केली. बाहेरून तो सुलटं लिहायचा, मला आतून ते उलटं दिसायचं. हळूहळू मला उलटं वाचायची इतकी सवय झाली की घरी पेपर वाचताना चुकल्यासारखं व्हायचं.

तो दौंड तालुक्यातला, भांडगावचा. मी शिरूरची. एकदा त्यानं काचेवर लिहिलं, 'दौंड > शिरूर'. मला आतून दिसलं, 'शिरूर < दौंड'. मी बाहेर आले ती भांडायलाच.

"इकडनं बघा का तिकडनं, शिरूर बारकंच व्हय?"

"मी काय करू? चिन्हच तसलं हाय. उलट्या बाजूनं वाचलं तरी खरं ते खरंच राहतं." आणि वर खळी.

"पुसा ते."

"आधी ते 'दादा' मागं घ्या."

"कुठलं दादा?"

"पारगावला म्हणालात. 'ओ दादा.' तवापासनं झोप न्हाई मला."

मी नुसती काच पुसली... आणि तो 'दादा'सुद्धा त्या फडक्यात गेला म्हणायचं.

मधल्या सुट्टीत तो मला कागदावर कोडी घालायचा. एकच वस्तू तीन बाजूंनी काढायची, मी ओळखायची. विळा, खलबत्ता, बैलाच्या गळ्यातली घंटा. एकदा कांदा काढला.

"चिन्ह कुठंय?" मी विचारलं.

"कांद्याला कशाला?"

"व्हय, ह्याला नको. कुठनंबी बघितलं तरी रडवणारच."

तो इतका हसला की वाढपी बघायला लागले. मग एकदम शांत होऊन माझ्या बॅजकडं बघत म्हणाला, "नावाबद्दल कधी इचारलं न्हाई मी तुम्हाला."

"इचारू नका. लोक 'अगं बाई' म्हणतात. मला ते आवडत न्हाई."

"शाळेत 'क्ष मानू' म्हणायचे, आठवतं? क्षला स्वतःची किंमत कुठं असती? मांडणारा मांडून मोकळा. किंमत सोडवणाऱ्यानं काढायची. मांडताना कुणी काढली न्हाई, म्हणून ती नसतीच असं थोडंच हाय?"

माझ्या नावावर इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. पण मी नकुशी. मी म्हटलं, "मग? सुटलं का गणित?"

"चालू हाय," तो म्हणाला. "अवघड हाय जरा... पर पेपर सोडून उठणार न्हाई मी."

त्या दिवसापासून आम्ही अरेतुरेवर आलो. कुणी ठरवलं नाही, आपोआप आलो.

आणि मग, प्रोबेशन संपून पुन्हा पाऊस लागला तेव्हा, होसूर आलं. कंपनीचा तिकडं तमिळनाडूत मोठा प्लांट. सत्यजीतचं काम बघून साहेबांनी त्याला तिकडं जायची विचारणा केली. पगार जास्त, हुद्दा मोठा. शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे. शुक्रवारी जेवताना त्यानं मला हे सांगितलं. भाकरी नुसती कुस्करत होता.

"मग? जातोस?" मी आवाज सरळ ठेवला.

"ते तू सांगायचं."

"मी?"

"तोंडानं नको..." त्याचे कान लाल झाले होते. "तोंडानं न्हाई म्हणालीस तर मला ऐकवणार न्हाई. आज सुट्टी झाल्यावर तू ज्या दारानं बाहेर पडशील, तेच माझं उत्तर. कुठलं दार म्हंजी काय, ते संध्याकाळी काचेवर लिहितो. मी 'राहा'च्या दाराबाहेर थांबतो. आलीस तर... उद्याच आईला घेऊन तुमच्या घरी येतो. न्हाई आलीस तर होसूर."

आमच्या शॉपला दोन दारं. केबिनमध्ये बसलं की माझ्या डाव्या हाताला कँटीनचं दार, उजव्या हाताला पार्किंगचं. बाहेरून माझ्याकडं तोंड करून जो उभा राहील, त्याला हे नेमकं उलट.

सुट्टीच्या आधी तो आला. काचेवर लिहिलं, 'ओके डावं, रिजेक्ट उजवं.' येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, पीस ठेवायच्या ट्रेचं काहीतरी असेल. एकदा माझ्याकडं बघितलं आणि गेला. ती नजर... पावसात पत्र्याखाली उभा होता तेव्हाचा निवांतपणा तिच्यात अजिबात नव्हता.

मला विचार करायचा नव्हताच. उत्तर माझं कधीच ठरलेलं. ओके, ओके, हजार वेळा ओके! फक्त दार नीट धरायचं. सत्यजीत डावं म्हणतो ते कुणाचं? त्याचं. देवाच्या बाजूनं! एकदा नदीवर जाऊन आलेली बाई पुन्हा फसते व्हय? त्याचं डावं म्हणजे पार्किंगचं दार. मी ऐटीत पार्किंगच्या दारानं बाहेर पडले.

बाहेर तो नव्हता. येईल म्हटलं. लिंबाखाली उभी राहिले, ओढणी नीट केली, उगाच स्कूटीचा आरसा पुसला. कंपनीच्या बस एकेक करून सुटल्या. दुसऱ्या पाळीची माणसं आत गेली. तो आला नाही. मग पाऊस आला, आणि तेव्हा मला कळायचं ते कळलं... म्हणजे मला तसं वाटलं.

घाबरला असणार. त्याचे मामा साखर कारखान्याचे संचालक, गावात चार माणसं उठून उभी राहणारं घर. आम्ही झेंडूवाले. फुलं त्यांच्या दारावर चालतात, फुलवाल्याची पोरगी उंबऱ्याच्या आत चालेल का, हा विचार त्यालाही आयत्या वेळी आला असेल. रात्री आईनं विचारलं, डोळे का सुजलेत? म्हटलं, कांदा चिरला. घरात त्या दिवशी वांगी होती.

शनिवारी तो कामावर आलाच नाही. ऑफिसातल्या सविताताई म्हणाल्या, "होसूरला हो म्हणाला गं तो. काल संध्याकाळीच फोन केला साहेबांना. उद्या दौंडवरनं गाडी हाय त्याची."

संताप संताप झाला. आणि काचेवर ते अक्षर तसंच. ओके डावं, रिजेक्ट उजवं. म्हटलं, हे आधी पुसायचं. लिहिलेलं बाहेरच्या बाजूनं, म्हणून फडकं घेऊन बाहेर आले. फडकं काचेला लावलं... आणि हात तिथंच थांबला.

बाहेरून अक्षरं उलटी होती.

मी पळत आत गेले. आतून सुलटी. पुन्हा बाहेर. उलटी! हा माणूस रोज सुलटं लिहायचा आणि मी आतून उलटं वाचायची. काल मात्र त्यानं अक्षरन् अक्षर उलटं काढलं होतं. 'क्ट'ची गाठ सोडवायला त्याला किती वेळा घरी गिरवावं लागलं असेल! का? तर मला माझ्या बाजूनं सरळ वाचता यावं म्हणून. म्हणजे डावंसुद्धा माझंच. कँटीनचं दार. तो तिथं उभा असणार, आणि त्यानं बघितलं असणार की नकुशी ऐटीत रिजेक्टच्या दारानं निघून गेली.

कोपऱ्यातलं चिन्ह! सगळ्यांना शिकवणारी मी, आणि अक्षरांची दिशा हेच चिन्ह होतं ते मला दिसलं नाही. दुसऱ्या कुणी असला पीस पाठवला असता तर मीच त्याला धारेवर धरलं असतं.

रडायला वेळ नव्हता. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि स्कूटी काढली. न्हावरा मागं टाकलं, पूल ओलांडला. पारगावात पंक्चरचं दुकान लागलं, त्याला मनातल्या मनात हात जोडले. चौफुल्याला हायवेवर उजवीकडं वळले. माझ्या उजवीकडं.

भांडगावात घर कुणीही दाखवलं असतं. अंगणात मेथीचा ढीग, आणि एक बाई जुड्या बांधत बसलेल्या. त्याची आई, कस्तुराबाई. पलीकडं बाजेवर त्याचे वडील, हौसराव, पान जुळवत होते.

"कोण गं तू?"

"मी नकुशी. रांजणगावला सत्यजीतच्या कंपनीत असते."

त्यांनी जुडी खाली ठेवली. वरपासून खालपर्यंत मला न्याहाळलं. "आगं बया! ती नदीत गेलेली?"

म्हणजे घरी माझी एवढी कीर्ती होती! तेवढ्यात तो दारात आला. हातात घडी केलेला शर्ट, आत उघडी बॅग. मला बघून शर्ट खाली पडला.

"तू... इथं?"

"रिजेक्ट कुणी केलं तुला?" मी अंगणातूनच विचारलं.

"तूच की. दारातनं आत बघितलं, तर तू उजव्या दारानं गेलीस. मी तिथनंच कंपनीची बस धरली."

"तुझ्या डाव्या दारानं गेले मी!"

"पर मी तुझं डावं लिहिलं होतं..."

"मला कळलं ते. आज. काच पुसताना. पर काल मी म्हटलं, हा देवमाणूस, हा कायम स्वतःचंच डावं धरतो!"

"आन् मी म्हटलं, पारगावला एवढ्या शिव्या खाल्ल्यात, आता जलमभर तिच्या बाजूनंच बोलायचं..."

दोघंही थांबलो. त्याच्या गालाला आधी खळी पडली, मग मला हसू फुटलं, मग आम्ही असे हसलो की मेथी बांधायची थांबली. त्यानं माझं डावं धरलं होतं, मी त्याचं धरलं होतं, आणि दोघांनी मिळून बरोबर चुकलो होतो.

"उणे गुणिले उणे," तो डोळे पुसत म्हणाला.

"ते अधिक होतं, सत्यजीत."

"मग झालं का?"

तो विचारत होता ते मला कळलं. आई समोर, वडील समोर. पण चिन्हांनी एकदा फजिती केलीच होती. आता तोंडानंच बोलायचं होतं, आणि ते मीच बोलणार होते.

"ऐक," मी म्हटलं. "मला तू हवायस. होसूरला न्हाई, हितं. माझी नोकरी मी सोडणार न्हाई, शिक्का माझाच राहील, आन् नावबी हेच राहील. आम्ही फुलं पिकवतो, विकतो, त्याची लाज न्हाई मला. कुणाला असंल, तर आत्ताच सांगा."

शेवटचं वाक्य मी त्याच्या आईकडं बघून बोलले. मान खाली घातली नाही.

कस्तुराबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. मग मला म्हणाल्या, "लाज कसली? पोरगं कालधरनं जेवलं न्हाई, ती काळजी. आन् तुझ्या मामाचं म्हणशील," त्या मुलाकडं वळल्या, "तर मामाला मी बघते. माझाच भाऊ हाय तो. बस गं पोरी, च्या टाकते."

हौसराव पानाला चुना लावत म्हणाले, "म्या काय म्हंतो... लग्नात नवरी कुठल्या अंगाला बसणार, ते ह्या दोघांनी आत्ताच लिवून ठेवावं. न्हाईतर भटजी नदीत जायचा."

चहा होईपर्यंत सत्यजीतनं साहेबांना फोन लावला. मी स्कूटीपाशी उभी राहून ऐकत होते. "न्हाई सर... व्हय सर, काल म्हणालो होतो... रीडिंग चुकलं होतं सर. आज क्वालिटीनं दुरुस्त केलं." तिकडून बरंच काही ऐकून घ्यावं लागलं असावं. फोन ठेवून तो माझ्यापाशी आला. वाटेतल्या सरीनं स्कूटीची सीट ओली होती. त्यानं त्यावर बोटानं एकाखाली एक दोन आडव्या रेघा ओढल्या.

"बरोबरचं चिन्ह," तो म्हणाला. "हिकडनं वाच, तिकडनं वाच, उलटं टांग. बदलत न्हाई."

"पर ह्या रेघा समांतर हाईत. जलमभर भेटायच्या न्हाईत."

"भेटून पुढं जाण्यापेक्षा संगं चाललेलं बरं."

बोलायला भारी हुशार! पण तो अजून माझ्यासमोर उभा होता, माझ्याकडं तोंड करून, पारगावसारखा. मी त्याला खांद्याला धरून वळवलं आणि माझ्या शेजारी आणून उभं केलं. समोर त्यांचं मेथीचं रान, त्यापलीकडं हायवेच्या गाड्या, आणि पाऊस नुकता थांबलेला.

"आता दाखव डावीकडं."

त्यानं दाखवलं. मीही दाखवलं. दोघांची बोटं एकाच बाजूला, एकाच आंब्याच्या झाडाकडं. मग त्याचा हात हळूच खाली आला आणि माझ्या हाताला लागला. गार, मेथीचा वास असलेला. आईला जुड्या बांधू लागला असणार सकाळी.

"हा कुठला गं हात?" त्यानं विचारलं. "डावा का उजवा?"

"तुझा डावा, माझा उजवा," मी म्हटलं. "आन् आता काही इचारू नकोस. ओके हाय. गप धरून राहा."